शाडूचा गोळा आणि पुराची रेघ

[दृश्य : बापट कॅम्प, कोल्हापुरातली कुंभारवस्ती. शाडू तुडवणारे पाय, वाळत ठेवलेल्या मूर्ती.]

कोल्हापूरला मातीचं अप्रूप नाही. आषाढात बेंदराचे बैल, श्रावणात नागोबा, भाद्रपदात गणपती. कुंभारवाड्यातले हात पावसाळाभर ओलेच. तालमीतली तांबडी माती तर ताक, तेल, हळद, लिंबू घालून पोसलेली.

पण याच शहरात अशीही माणसं आहेत, ज्यांना चिखलाचा वास नको होतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरांत शिरली आणि ओसरताना गाळ ठेवून गेली. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. भिजलेल्या गाद्या, वह्या फेकून देता आल्या. पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर आलं, एवढं ऐकूनच पोटात गोळा येतो. त्याचं काय करायचं?

[दृश्य : एक खोली. गोणपाटावर शाडूचे गोळे, पाण्याच्या वाट्या. फक्त हात दिसतात.]

इथं मूर्ती शिकवत नाहीत. मातीच्या आधारानं समुपदेशन चालतं. पहिल्या दिवशी एक मावशी भिंतीला टेकूनच बसल्या.

"नको गं बाई. हाच चिखल घमेल्यानं काढलाय घरातनं. परत त्यातच हात घालू व्हय?"

समुपदेशक ताईंनी आग्रह केला नाही. गोळा पुढ्यात ठेवला आणि त्या दुसरीकडे वळल्या. मावशींनी आधी बोट टोचलं. मग भाकरीचं पीठ मळावं तसा तळहाताचा जोर लावला. बऱ्याच वेळानं चार भिंती उभ्या राहिल्या, एक दार झालं. भिंतीवर नखानं आडवी रेघ.

"इथवर आलतं पाणी."

ताईंनी त्याचा अर्थ काढला नाही. एवढंच विचारलं, "मावशी, रेघ ठेवायची?"

मावशींनी ओला अंगठा फिरवून ती पुसली. थोड्या वेळानं परत काढली. जरा खाली.

[दृश्य : रेघ जवळून.]

घराच्या खऱ्या भिंतीवरची रेघ अशी हलवता येत नाही. ओल्या मातीत मोडता येतं, परत करता येतं, आणि कधी थांबायचं ते करणाऱ्यानं ठरवायचं. पुरात यातलं काहीच आपल्या हातात नसतं. शिवाय कागद-पेन्सिल पुढं आली की मोठी माणसं लगेच म्हणतात, "मला कुठं चित्र येतंय?" मातीपुढं ही सबब फारशी टिकत नाही. ती थंड लागते, दाबली की दबते, हात आपसूक कामाला लागतात आणि बोलणं मागाहून येतं. कधी येतही नाही, तरी चालतं.

या पद्धतीला 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं ते एड्रियन हिल या इंग्लिश चित्रकारानं, १९४२ साली. क्षयरोगानं अंथरुणाला खिळलेला असताना तो चित्रं काढायचा. पुढं २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि कोलाजचं साहित्य दिलं. त्यातल्या सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. तेव्हा त्यावरून फार उड्या मारू नयेत. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी : आधी कधी कला केली आहे की नाही, यानं फारसा फरक पडला नाही.

माती म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. झोप उडालेली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि पुराच्या आठवणी मातीतून एकदम उसळूही शकतात. म्हणून शेजारी प्रशिक्षित माणूस हवाच. हौसेचं कुंभारकाम वेगळं, हे वेगळं.

[दृश्य : हात धुताना. गोळे ओल्या फडक्यात गुंडाळले जातात.]

पुढच्या वेळी काय आणू, असं ताईंनी विचारलं, तर मावशींची फर्माईश तयार होती :

"ह्यो करडा शाडू नको. तांबडी माती आणा, आमच्या भितींला तसलीच हुती. आणि जरा जास्त आणा, चूल करायची ऱ्हायलीय."