द इंटरनॅशनल : गुणांवर खेळली गेलेली गोल्फस्पर्धा

नमस्कार, श्रोतेहो.

गोल्फचा हिशोब सर्वांना ठाऊक असलेला आहे. अठरा होल खेळायचे, प्रत्येक फटका मोजायचा आणि ज्याचे फटके कमी, तो जिंकला. व्यावसायिक स्पर्धांत हाच क्रम चार दिवस चालतो आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी सर्वांत लहान आकडा ज्याच्या नावापुढे असतो, त्याच्या हाती करंडक जातो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात मात्र 1986 ते 2006 अशी एकवीस वर्षे एक स्पर्धा भरत होती, जिच्या फलकावर सर्वांत मोठा आकडा विजेत्याचा असे. तिचे नाव ‘द इंटरनॅशनल’. आज तिच्याविषयी बोलायचे आहे, कारण मोजण्याची रीत बदलली की तोच माणूस त्याच मैदानावर किती निराळा खेळू लागतो, हे या स्पर्धेइतके स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेने दाखवलेले मला आढळले नाही.

या रीतीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे पेशाने शल्यचिकित्सक होते आणि लिव्हरपूलजवळच्या वॉलेसी येथील गोल्फ क्लबचे सभासद होते. एखाद्या होलवर आठ-नऊ फटके गेले की सामान्य खेळाडूचा सारा दिवस तिथेच संपतो आणि उरलेले होल तो केवळ उरकायचे म्हणून खेळतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी फटक्यांऐवजी प्रत्येक होलला गुण देण्याची पद्धत बसवली आणि 1932 मध्ये वॉलेसीला तिच्यावर स्पर्धा घेतली. तिच्यात पारला, म्हणजे त्या होलसाठी ठरवून दिलेल्या फटक्यांत होल पूर्ण केला तर, दोन गुण, बर्डीला, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी लागला तर, तीन, बोगीलाही, म्हणजे एक फटका जास्त लागला तरी, एक, आणि त्याहून वाईट खेळ झाला तर शून्य. बिघडलेला होल शून्यावर सोडून द्यावा आणि पुढच्या टीवर, म्हणजे पुढचा होल जिथून सुरू होतो तिथे, नव्याने उभे राहावे, अशी ही दिलासा देणारी योजना होती. आपल्याकडच्या गोल्फ क्लबांतही सभासदांच्या स्पर्धा या पद्धतीने खेळल्या जातात, त्यामुळे श्रोत्यांपैकी काहींना ती परिचयाची असेल.

हौशी खेळाडूंसाठीची ही पद्धत जगातल्या निष्णात व्यावसायिकांपुढे ठेवण्याचे धाडस केले जॅक व्हिकर्स यांनी. व्हिकर्स हे तेलउद्योगातले गृहस्थ. डेन्व्हर शहराच्या दक्षिणेला, कॅसल रॉक गावाजवळच्या पाइनच्या डोंगराळ रानात त्यांनी कॅसल पाइन्स हा क्लब उभारला. मैदानाची आखणी नामवंत गोल्फपटू जॅक निकलस यांच्याकडून करून घेतली आणि 1981 मध्ये ते खेळासाठी खुले झाले. त्यानंतर पाच वर्षांनी तिथे स्पर्धा सुरू झाली.

गुणांचा तक्ता व्यावसायिकांसाठी बदलून घेतलेला होता, आणि तो मी सावकाश सांगतो, कारण साऱ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे. पार केल्यास शून्य. बर्डी केल्यास दोन गुण मिळत. ईगलला, म्हणजे दोन फटके कमी लागल्यास, पाच. अल्बाट्रॉस, म्हणजे तीन फटके कमी, ही गोष्ट कित्येक खेळाडूंच्या उभ्या कारकीर्दीत घडत नाही, तिला आठ. उलट बाजूला, बोगी झाली तर एक गुण वजा, आणि दोन किंवा त्याहून कितीही फटके जास्त लागले तरी वजा तीनच.

आता दोन खेळाडू डोळ्यांपुढे आणू. पहिल्याने अठराही होलवर पार केली. दुसऱ्याने नऊ बर्ड्या केल्या आणि नऊ बोग्या. फटक्यांच्या हिशोबात दोघे अगदी बरोबरीत आहेत. द इंटरनॅशनलच्या फलकावर मात्र पहिल्याच्या नावापुढे शून्य लागेल आणि दुसऱ्याच्या नावापुढे नऊ. जपून खेळणे हा व्यावसायिक गोल्फमध्ये गुण समजला जातो, तो इथे निरुपयोगी ठरत असे. पाण्यापलीकडच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दुसऱ्याच फटक्यात चेंडू नेण्याचा प्रयत्न फसला, तर जास्तीत जास्त नुकसान ठरलेले होते, आणि साधला तर पाच गुण हाताशी होते. एरवी कॅडीशी, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या साथीदाराशी, सल्लामसलत करून आखूड फटक्यावर समाधान मानणारे खेळाडू इथे लांब पल्ल्याची काठी मागत. शेवटच्या दिवशी सहा-सात गुणांनी मागे असलेल्यालाही आशा धरायला जागा राही, कारण एक ईगल आणि एक बर्डी मिळून सात गुण होतात.

मैदानही या हिशोबाला साजेसे होते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सहा हजार फुटांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही जास्त. तिथल्या विरळ हवेत चेंडू सखल प्रदेशापेक्षा साधारण दहा टक्के लांब जातो, त्यामुळे प्रत्येक फटक्याआधी अंतराचे गणित मनात नव्याने मांडावे लागे. त्यात उतारांचे होल आणि दुपारी डोंगरावर जमून येणारे विजांचे ढग, ज्यांच्यापायी खेळ थांबवावा लागे. आणि क्लबचे मिल्कशेक! खेळाडूंमध्ये कॅसल पाइन्सचे नाव निघाले की मैदानाइतकीच त्यांची आठवण निघते. आपले पाहुणे परतताना खूश असावेत ही व्हिकर्स यांची आच अशा लहान गोष्टींतूनही दिसत असे.

पहिल्या काही वर्षांत एक विचित्र नियम होता. एका दिवसाचे गुण पुढच्या दिवशी धरले जात नसत. म्हणूनच 1986 चा पहिला विजेता केन ग्रीन याच्या नावावर अवघे 12 गुण दिसतात. 1993 पासून चारही दिवसांची बेरीज होऊ लागली आणि त्या वर्षी तरुण फिल मिकलसनने 45 गुणांनी स्पर्धा जिंकली. हा बदल माझ्या मते अत्यंत योग्य होता, कारण तीन दिवस उत्तम खेळलेल्या माणसाला चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा शून्यावर उभे करणे कोणत्याही दृष्टीने न्याय्य नव्हते. मिकलसनने 1997 मध्ये 48 गुण मिळवले आणि 2000 साली दक्षिण आफ्रिकेच्या अर्नी एल्सने तेवढेच मिळवले. त्यापुढे कोणी गेले नाही. डेव्हिस लव्ह तिसरे यांनी मात्र 1990 मध्ये जुन्या नियमाने आणि 2003 मध्ये नव्या नियमाने, असा दोन्ही प्रकारांत विजय मिळवला. ग्रेग नॉर्मन, स्पेनचा ओलाझाबाल, फिजीचा भारतीय वंशाचा विजय सिंग, रटीफ गूसन ही विजेत्यांची नावे पाहिली की स्पर्धेचे नाव सार्थ होते, हे पटते.

तरीही मला सर्वांत जवळचे वाटते ते 2002 चे वर्ष. त्या रविवारी आघाडीवर होता रिच बीम. हा खेळाडू काही वर्षांपूर्वी गोल्फ सोडून सिएटलच्या एका दुकानात मोटारींचे स्टीरिओ आणि मोबाइल फोन विकत होता. त्याच्या पाठलागावर होता स्टीव्ह लोअरी, 1994 चा विजेता. लोअरी सतराव्या होलवर आला तेव्हा तो फार मागे पडलेला होता. हा होल पाच पारचा. त्याचा दुसरा फटका ग्रीनवर उतरला आणि सरळ होलमध्ये गेला. अल्बाट्रॉस! एका फटक्यासरशी आठ गुण जमा झाले. अठराव्यावर बर्डी झाली असती तर दोन गुण वाढून लोअरी जिंकला असता, पण ग्रीनवरचा तो हलका फटका होलमध्ये गेला नाही. बीमचे 44, लोअरीचे 43. दोनच आठवड्यांनी हाच बीम मिनेसोटातील हेझलटीन येथे टायगर वुड्सला एका फटक्याने मागे टाकून पीजीए चॅम्पियनशिप ही गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एक स्पर्धा जिंकला. कोलोरॅडोत बेधडक खेळून जिंकण्याची जी सवय लागली होती, ती त्याने तिकडे सोबत नेली, असे मला त्या दोन विजयांकडे पाहताना नेहमी वाटते.

अशी स्पर्धा बंद का पडली? टायगर वुड्स तिथे 1998 आणि 1999 मध्ये खेळला आणि नंतर आला नाही. त्या काळात तो असला की प्रेक्षक दूरचित्रवाणीपुढे बसत आणि तो नसला की जाहिरातदार हात आखडता घेत. शिवाय पारच्या खाली इतके, पारच्या वर इतके, या भाषेला सरावलेल्या प्रेक्षकाला अधिक 31 हा आकडा पाहून कोण किती पुढे आहे हे चटकन उमगत नसे, आणि हा अडसर मोठा होता, असे स्पर्धेवर प्रेम असूनही मान्य करावे लागते. 2007 मध्ये पीजीए टूरचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फस्पर्धांच्या मालिकेचे, वेळापत्रक नव्याने आखले गेले आणि स्पर्धा ऑगस्टमधून जुलैच्या प्रारंभी आली. मुख्य प्रायोजक मिळेना. अखेर त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती बंद करत असल्याचे जाहीर झाले. मोकळा झालेला आठवडा वॉशिंग्टनजवळ काँग्रेशनल क्लबवर भरलेल्या एका नव्या स्पर्धेला मिळाला, आणि तिचे यजमानपद टायगर वुड्सकडे होते. 2006 चा, म्हणजे अखेरचा, विजेता ठरला हवाईचा डीन विल्सन. त्याने टॉम लेमनला बरोबरीनंतरच्या जादा खेळात, म्हणजे प्लेऑफमध्ये, हरवले होते.

गुणांची ही रीत 2012 मध्ये नेवाडातील रीनो येथील स्पर्धेने उचलली, त्यामुळे ती टूरवरून पुसली गेली नाही. व्हिकर्स 2018 मध्ये निवर्तले. 2024 च्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांच्या खंडानंतर पीजीए टूर पुन्हा कॅसल पाइन्सला आला, तो बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिपच्या निमित्ताने. मैदान आता आठ हजार यार्डांहून लांब झाले होते, मिल्कशेकसाठी खेळाडू पुन्हा रांगेत उभे होते, आणि कीगन ब्रॅडली जिंकला तो पारच्या खाली बारा फटके खेळून. त्या चार दिवसांत कॅसल पाइन्सच्या फलकावर फटकेच मोजले गेले.

नमस्कार.