ठाण्यातली १३२१ सालची साक्ष

नमस्कार मंडळी!

दिवाळीच्या फराळाला बोलावलंत आणि वर ‘तुमच्या ख्रिस्ती संतांविषयी बोला’ म्हणालात, याचा मला फार आनंद झाला. ज्ञानोबा-तुकोबांच्या माणसांना संत म्हणजे काय हे मी काय सांगणार? आमच्या ठाण्यातली एक हकीकत तेवढी सांगते.

तलावपाळीला फिरायला गेलेल्यांनी मासुंदा तलावाजवळचं संत योहान बाप्तिस्ताचं चर्च पाहिलं असेल. ही गोष्ट त्या चर्चच्याही आधीची, १३२१ सालची. इटलीतल्या तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती, सगळे फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती संन्यासी, चीनला निघाले होते. वाटेत ठाण्याला एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. त्या घरात भांडण झालं, नवऱ्यानं बायकोला मारलं. ती उठली आणि थेट काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरातले पाहुणे! बोलावणं आलं तसे तिघे गेले, चौथा, पेत्र, सामान सांभाळायला मागे थांबला. तिथे मारहाण राहिली बाजूला, धर्मावरून वाद पेटला आणि शेवटी चौघांनाही ठार केलं. पुढे ओदोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. हे सगळं त्याच्याच वृत्तांतात आहे. या हत्येबद्दल दिल्लीच्या सुलतानानं ठाण्याच्या अधिकाऱ्याला मृत्युदंड दिला, असंही तो सांगतो. तेही सांगायलाच हवं, नाहीतर ही गोष्ट भलत्याच कामाला लागते.

१८९४ साली पोप लिओ तेरावे यांनी थॉमस यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, म्हणून मान्यता दिली. लोक हौतात्म्याचा भाग रंगवून सांगतात. माझं मन मात्र त्या मार खाल्लेल्या बाईपाशी अडतं.

आमच्या चरईच्या चाळीत शेजारचा नवरा बायकोवर हात उचलायचा, तेव्हा आई हातातली जपमाळ खिडकीत ठेवायची आणि त्यांचं दार वाजवायची. आत जाऊन बसायची, ‘चहा टाक गं’ म्हणायची आणि तो शांत होईपर्यंत उठायची नाही. माझा धर्म मी तिथे शिकले, चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, नंतर.

आपल्या मुलांना कार्लो अकुतिस आवडतो. २००६ साली १५व्या वर्षी ल्युकेमियानं गेलेला, जीन्स घालणारा, वेबसाइट बनवणारा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ला संत झाला. त्यांना हेही सांगा, की मिलानमध्ये रस्त्यावर झोपणाऱ्यांना तो जेवण नेऊन द्यायचा.

इथे परदेशात आपल्या भिंती जाड आहेत, शेजारचं ऐकू येत नाही. पण व्हिसा नवऱ्याच्या नावावर, माहेर सातासमुद्रापार, अशा मुली आपल्यातही आहेत. त्यांनी कुणाकडे जायचं? मंडळानं चार-पाच बायकांचे फोन नंबर सूचनाफलकावर लावावेत, रात्री-अपरात्रीही उचलले जातील असे. धर्म कुठला का असेना. यादीत माझा नंबर आजच लिहून घ्या.