भूजचे रस्ते कुणाच्या जागेतून गेले

(दृश्य: भुजियो डोंगरावरून दिसणारं शहर, सकाळ. खाली हमीरसर तलाव.)

भूजला आलेला पाहुणा आयना महाल बघतो, प्राग महालाच्या मनोऱ्यापाशी फोटो काढतो आणि उन्हं उतरली की स्मृतिवन या भूकंप-स्मारकाकडे वळतो. आपण मात्र जुन्या गावातल्या रस्त्यांवर हिंडणार आहोत. साधे डांबरी रस्ते. कडेला उभ्या गाड्या, भाजीच्या हातगाड्या. बघण्यासारखं तसं काही नाही. पण भूकंपानंतर भूज कसं उभं राहिलं, हे इथेच कळतं.

(दृश्य: तटबंदीच्या आतल्या शहराचा जुना नकाशा.)

पाच नाके, म्हणजे तटाचे दरवाजे, आणि छठी बारी, म्हणजे सहावा छोटा दरवाजा. तटाच्या आतल्या गावाची ओळख जुनी माणसं आजही अशीच करून देतात. आत शेऱ्यांचं, म्हणजे अरुंद गल्ल्यांचं, जाळं होतं. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीनं मागे जायचं, आणि पुष्कळ शेऱ्या पुढे बंदच. कच्छच्या उन्हात ही अडचणच सोयीची होती. भिंतींची सावली दिवसभर अंगावर राहायची.

(दृश्य: २००१ मधली छायाचित्रं. पार्श्वसंगीत नको.)

२६ जानेवारी २००१. सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं. गावोगावी झेंडावंदन चाललेलं. भचाऊजवळ केंद्र असलेला, ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंती ढासळल्या. आरसीसीच्या नव्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. जो जीव घेऊन घराबाहेर धावला, त्याच्या अंगावर समोरची भिंत आली. गल्ल्या ढिगाऱ्यांनी बुजल्या आणि जेसीबी आत जाईना. तिकडे अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी मुलं अशाच एका अरुंद गल्लीत होती.

(निवेदन थांबतं. पाच सेकंद फक्त चित्र.)

गुजरातमधल्या मृतांचा सरकारी आकडा १३,८०५. त्यातले बहुतेक कच्छचे.

(दृश्य: पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या.)

मलबा हटू लागला तसा प्रश्न आला: गाव इथेच ठेवायचं की हलवायचं? हा प्रश्न महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारी हादरली आणि पुढे लातूर-उस्मानाबादकडची ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तोच अनुभव गाठीला बांधून त्या भागातल्या बाया कच्छमधल्या बायांना भेटायला गेल्या. सरकारी हप्ता कसा पदरात पाडून घ्यायचा, गवंड्याच्या कामावर नजर कशी ठेवायची, हे तिथं बाईनं बाईला सांगितलं. माझ्या मते तज्ज्ञांच्या अहवालांपेक्षा हे काम मोठं होतं.

भूजनं मधली वाट धरली. शहराबाहेर चार नव्या वसाहती आखल्या, ज्यांना जायचं ते तिकडे गेले. उरलेलं गाव जागेवरच बांधायचं ठरलं. पण गाव तिथंच आणि रस्ते मात्र रुंद, हे जमायचं कसं? रस्त्याला जागा लागते, आणि गावातली इंचन्‌इंच जागा कुणाच्या ना कुणाच्या मालकीची.

(दृश्य: मोजणीची फीत, चुन्याच्या खुणा, नकाशावर फिरणारं बोट.)

यासाठी जे हत्यार काढलं ते जुनंच होतं: नगररचना योजना. तिचं मूळ १९१५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यात. दोन राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्रात ती मागे पडली, गुजरातनं ती वापरात ठेवली. तटाच्या आतल्या गावाच्या आठ योजना केल्या. एकेक भूखंड मोजला, प्रत्येकातून थोडी जागा कापली आणि मालकाला उरलेली जागा नव्यानं आखून दिली, शक्यतो होती तिथंच. ३० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला हात लावायचा नाही. त्यापुढे १०० पर्यंत १० टक्के. भूखंड मोठा तशी कपात वाढती, थेट ३५ टक्क्यांपर्यंत.

कागदावर हे सोपं दिसतं. ८० चौरस मीटरचं घर असेल तर गेले ८ चौरस मीटर, म्हणजे ८६ चौरस फूट. एक स्वयंपाकघर. घर आधीच पडलेलं, आता जागाही द्यायची. त्यात सातबारा असो की सिटी सर्व्हेचा उतारा, आपल्याकडे कागदावर आजोबाच जिवंत असतात. कच्छी कुटुंबं तर मुंबईपासून मस्कतपर्यंत पांगलेली. वारस गोळा करता करता दिवस जायचे आणि घरची माणसं पत्र्याखाली वाट बघायची. लोक चिडले, हरकती घेतल्या, नकाशे पुन्हा काढावे लागले. तरी अखेर रस्ते झाले. ज्या शेऱ्या पुढे बंद होत्या, त्यातल्या कितीतरी आता दोन्ही बाजूंनी मोकळ्या आहेत आणि अग्निशमनाची गाडी आतपर्यंत पोचते.

(दृश्य: जिल्हा रुग्णालय.)

हे जिल्हा रुग्णालय. जुनी इमारत पडली तेव्हा जुबिली मैदानावर तंबूत शस्त्रक्रिया झाल्या. जानेवारी २००४ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी नव्या इमारतीचं उद्घाटन केलं. पाया आणि इमारत यांच्यामध्ये शिसं घातलेल्या रबराचे ठोकळे बसवले आहेत. गाडीचे शॉकअप खड्ड्याचा दणका गिळतात तसे हे जमिनीचा गिळतात. तंत्र न्यूझीलंडचं.

(दृश्य: स्मृतिवन. नावं कोरलेल्या पाट्या, पावसाचं पाणी अडवणारे बंधारे.)

स्मृतिवन २०२२ मध्ये खुलं झालं. देखणं आहे, जरूर बघावं. त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून आपण थांबत नाही.

(दृश्य: पुन्हा जुनं गाव. किरायाच्या खोलीचं कुलूपबंद दार.)

जुन्या गावात पिढ्यान्‌पिढ्या किरायानं राहणारी कुटुंबंही होती, महिना नाममात्र भाड्यावर. जमिनीची कपात आणि वाटप यात त्यांना जागाच नव्हती, कारण कापायला त्यांच्या नावावर काही नव्हतं. मालकानं घर पुन्हा बांधलं, तरी जुन्या भाड्यात जुना भाडेकरू परत ठेवायला तो राजी असेलच असं नाही. रस्त्यासाठी कुणी किती जागा दिली, त्याची नोंद दप्तरात मीटरच्या हिशोबानं सापडते. हे भाडेकरू कुठे गेले, ते मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच विचारत फिरावं लागतं.

(दृश्य: नाक्यावरची चहाची टपरी, आजूबाजूला वाहनांची वर्दळ. इथून पुढे शेजाऱ्यांच्या मुलाखती, त्यांच्याच बोलीत.)