पाच किलो कापूस

यवतमाळ जिल्ह्यातलं एक वावर. सकाळ. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दव आहे. ओला कापूस काट्यावर जड भरतो, म्हणून ऊन चढेपर्यंत मालक कमरेची कापडी ओटी भरू देत नाही. बायका धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून. या बसण्याची मजुरी नसते.

ऊन आलं. आता फक्त हात बघा. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात. कापूस एका ओढीत निघायला हवा, पाचोळा चिकटायला नको. डावा हात एका बोंडावर, उजवा दुसऱ्यावर. ओटी भरली की गाठोड्यात रिती करायची, पुन्हा तास, म्हणजे झाडांची ओळ, धरायचं. दुपारची भाकरी, पाणी, पुन्हा तास.

संध्याकाळी बाभळीला काटा टांगला जातो. त्यांतल्या एकीचे २८ किलो. किलोला १० रुपये. झाले २८०. ही भर वेचणीची गोष्ट. फरदडीत, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या पऱ्हाटीच्या वेचणीत, दिवस तेवढाच जातो, गाठोडं निम्मंही होत नाही. भाव मात्र किलोचाच.

"बाया भेटत नाहीत." मालकाचं बोट लाडकी बहीण योजनेकडे. जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भूषण गवई यांनीही या योजनेचं नाव घेतलं: फुकट मिळतं, म्हणून लोक कामाला तयार नाहीत. आधी हेच बोट दोन रुपये किलोच्या गव्हाकडे होतं. त्याही आधी रोजगार हमीकडे. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेली ती योजना तर खडी फोडून घेतल्याशिवाय पैसेच देत नव्हती!

१५०० म्हणजे रोजचे ५०. पाच किलो कापूस. ओटीत तो एवढासा दिसतो.

ती म्हणते, "पंधराशेत काय होते, भाऊ? कामाले तं जावंच लागते. फक्त फरदडीले बलावलं, तं आता नाही म्हणता येते."

वेचणी सगळ्या वावरांत एकदमच येते. हात तेवढेच. लांबली आणि अवकाळी आला, तर कापूस मातीत जातो, नुकसान शेतकऱ्याचं.

काटा उतरला. टेम्पो भरला. ती केसांतला कापूस झटकते आहे. उद्या पलीकडचं वावर. तिथे किलोला १२ आहेत.