छाप एका नाण्याची, काटा दुसऱ्याचा

नमस्कार श्रोतेहो. आज कागद-पेन्सिल हाताशी घेऊन बसा, काही आकडे टिपून घ्यायचे आहेत.

ऑनलाइन लिलावाच्या साइटवर अमेरिकेतली जुनी चांदीची नाणी शोधायला लागलं की थोड्याच वेळात एक फोटो हमखास समोर येतो. तपकिरी, मळकट कागदात घट्ट गुंडाळलेली नाण्यांची चळत. दोन्ही टोकांना कागदाची कड आत वळवून गोल दाबलेली, काडतुसाचं तोंड बंद करतात तशी. म्हणून तिकडे याला शॉटगन रोल म्हणतात. कागदावर एखाद्या बँकेचा पुसट शिक्का. एका टोकाला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, दुसऱ्या टोकाला गरुड. वर्णनात लिहिलेलं असतं की हा रोल वडिलोपार्जित तिजोरीत सापडला, कधी उघडलेला नाही, आत कोणती नाणी आहेत ते आम्हीही पाहिलेलं नाही. आणि बोली वीस साध्या नाण्यांच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेलेली असते. अमेरिकेत राहणारे आपले लोक अशा बोल्या लावतात, इथे बसून लावणारेही आहेत. असा रोल बनावट आहे का ते कसं ओळखायचं, हे आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

ज्या नाण्यावर हा सगळा खेळ चालतो तो मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन या कलाकाराने घडवलेलं हे नाणं १८७८ ते १९०४ पर्यंत आणि मग पुन्हा १९२१ मध्ये पाडलं गेलं. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, शंभरात नव्वद भाग चांदी आणि दहा भाग तांबं. आपला राणी छाप बंदा रुपया एक तोळ्याचा, हा डॉलर सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त.

या डॉलरचं आपल्याशी एक जुनं नातं आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची इतकी टंचाई झाली, की नोटा मोडून रुपये मागणाऱ्यांना द्यायला सरकारकडे चांदी पुरेना. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि तिजोरीतले २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारने रुपयांसाठी विकत घेतली. मात्र कोणत्या सालाचे किती डॉलर भट्टीत गेले, याची नोंद राहिली नाही. त्यामुळे एखाद्या सालाची नाणी किती पाडली हे पुस्तकात सापडतं, पण आज किती उरली याचा अंदाजच करावा लागतो. कुठल्या तरी कोपऱ्यात दुर्मीळ नाण्यांचा साठा अजून असेल, ही आशा त्यामुळे कायम जिवंत राहते. बनावट रोल विकणारा हीच आशा विकत असतो.

आता मुख्य गोष्ट. नाण्याचं साल छापेच्या बाजूला असतं, चेहऱ्याच्या खाली. टांकसाळीची खूण मात्र काट्याच्या बाजूला असते, गरुडाभोवतीच्या पानांच्या माळेखाली. न्यू ऑर्लिन्सची खूण ओ, सॅन फ्रान्सिस्कोची एस, नेवाडातल्या कार्सन सिटीची सीसी. डेन्व्हरची डी फक्त १९२१ मध्ये. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूणच नाही. सगळ्यांना हवी असते ती सीसी.

रोलच्या एका टोकाला छाप दिसते, म्हणजे साल दिसतं. दुसऱ्या टोकाला काटा दिसतो, म्हणजे खूण दिसते. ही दोन वेगळी नाणी आहेत! मधे अठरा नाणी आहेत. तरीही पाहणाऱ्याचं मन साल आणि खूण जोडून एकच नाणं तयार करतं. एका टोकाला १८८९, दुसऱ्या टोकाला सीसी असा रोल घ्या. १८८९ साली फिलाडेल्फियाने २ कोटी १७ लाख डॉलर पाडले आणि कार्सन सिटीने फक्त साडेतीन लाख. १८८९ सीसी हे जमवणाऱ्यांचं स्वप्न आहे, १८८९ फिलाडेल्फिया कुठल्याही दुकानात मिळतं. विक्रेता १८८९ सीसी असं कधीच लिहीत नाही. तो लिहितो, टोकांना १८८९ आणि सीसी. त्यात एकही शब्द खोटा नाही, म्हणून तक्रार करायला गेलात तर हातात काहीच उरत नाही.

यावर पहिली तपासणी घरबसल्या होते. कार्सन सिटीने हे डॉलर १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३ एवढ्याच वर्षांत पाडले. एका टोकाला १८८६, १८८७, १८८८ किंवा १८९३ नंतरचं साल असेल आणि दुसऱ्या टोकाला सीसी, तर रोलमध्ये किमान दोन टांकसाळींची नाणी आहेत, हे रोल न उघडता सिद्ध झालं. मग टांकसाळीतून आलेला मूळ, न वापरलेला रोल ही भाषा तिथेच खोटी ठरते.

कारण हे डॉलर टांकसाळीतून रोलमध्ये येतच नव्हते. ते हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्यांत येत, एक पिशवी जवळपास २७ किलोची. अशा पिशवीतून बँकेने कोरा रोल बांधला, तर त्यातली नाणी एका सालाची, एका टांकसाळीची आणि न झिजलेली असणार. बँकेच्या खिडकीवर जमा झालेल्या नाण्यांचा रोल असेल, तर मिसळ असणार आणि नाणी घासलेली असणार. दोन्ही प्रकार खरे असू शकतात. एक टोक कोरं करकरीत आणि दुसरं गुळगुळीत, असा रोल मात्र कुणीतरी जुळवून बांधलेला असतो. झीज पाहायला फोटो मोठा करा. छापेवर कानावरचे केस आणि काट्यावर गरुडाची छाती, हे उंचवटे आधी घासले जातात.

टोकाच्या नाण्याचा रंगही बोलतो. खऱ्या जुन्या शॉटगन रोलमध्ये टोकाच्या नाण्याचा मधला भाग वर्षानुवर्षं उघड्यावर असतो आणि कडेचा भाग दुमडलेल्या कागदाखाली. चांदी हवेतल्या आणि कागदातल्या गंधकामुळे काळवंडते, आणि दोन भागांवर त्याचा परिणाम सारखा होत नाही. म्हणून दुमडीलगत गोल वलय दिसायला हवं. कागद शंभर वर्षांचा आणि टोकाचं नाणं सगळीकडे सारखंच लख्ख, हे जुळत नाही. ते नाणं घासून-पुसून हल्लीच बसवलं आहे.

कागदाचं म्हणाल तर त्यावर विसंबू नका. टोकं दाबायची साधनं आणि कोरे कागद बाजारात मिळतात, जुन्या बँकांच्या नावाचे रबरी शिक्के करून घेता येतात, चहाच्या पाण्याने कागद पिवळा करता येतो. कागद खरा आहे हे सिद्ध करणं कठीण. खोटा पकडणं मात्र अनेकदा सोपं असतं, कारण छापणारा इतिहास विसरतो. फेडरल रिझर्व्ह बँका स्थापन झाल्या १९१३ च्या कायद्याने. बँक ठेवींच्या विम्याची एफडीआयसी ही संस्था १९३३ ची. पत्त्यातला पाच आकडी झिप कोड आणि राज्याच्या नावाची दोन अक्षरं १९६३ पासूनची. आणि अमेरिकेच्या तिजोरीने नोटेच्या बदल्यात चांदीचे डॉलर देणं मार्च १९६४ मध्ये थांबवलं. तेव्हा शिक्क्यात झिप कोड असेल, तर तो कागद १९६३ च्या आधीचा असूच शकत नाही, मग वर्णनात कितीही आजोबा येवोत.

आता आकडे लिहून घ्या. डॉलरचा रोल वीस नाण्यांचा, कोऱ्या नाण्यांचं वजन ५३४.६ ग्रॅम, लांबी सुमारे पाच सेंटिमीटर. घासलेल्या नाण्यांत चांदी साधारण एक टक्का कमी धरतात, म्हणजे ५२९ च्या आसपास. ५२५ च्या खाली वजन आलं तर खुलासा मागायचा. अर्ध्या डॉलरच्या रोलमध्ये वीस नाणी, पाव डॉलरच्या रोलमध्ये चाळीस, आणि १९६४ पर्यंतच्या चांदीच्या नाण्यांचं वजन दोन्हीत २५० ग्रॅम. डाइम म्हणजे दहा सेंटची पन्नास नाणी, १२५ ग्रॅम. १९६५ पासून पाव डॉलर आणि डाइममधून चांदी गेली. अर्ध्या डॉलरमध्ये ती १९७० पर्यंत शंभरात चाळीस भाग राहिली आणि त्याच्या रोलचं वजन २३० वर आलं. बिनचांदीचा अर्ध्या किंवा पाव डॉलरचा रोल भरतो २२६.८ ग्रॅम.

पाव डॉलरच्या रोलला दोन टोकांना चांदीची नाणी आणि मधे अडतीस बिनचांदीची, असं भरलं तर वजन येतं जेमतेम २२८ ग्रॅम. सुट्या नाण्याच्या कडेवर तांब्याची लाल रेघ दिसून भांडं फुटलं असतं. रोलमध्ये कड कागदाखाली असते. आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची रीत होती, तीही रोलमध्ये चालत नाही. हाताशी उरतो फक्त तराजू. म्हणून बोली लावण्याआधी विक्रेत्याला सांगा, रोल डिजिटल काट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो पाठवा. ज्याला खरंच विकायचं आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ झाली की तो रोल सोडून द्यायचा.

वजन एक मात्र सांगत नाही, साल. सगळी १९२१ ची नाणी भरली तरी वजन बरोबरच येतं. त्या एका वर्षात एकट्या फिलाडेल्फियाने ४ कोटी ४६ लाखांहून जास्त डॉलर पाडले, आणि रोलच्या पोटात भरायला तेच सर्वांत स्वस्त पडतात. यासाठी विक्रेत्याची जुनी विक्री पाहा. बहुतेक साइटवर संपलेले लिलाव शोधता येतात. एकाच विक्रेत्याने महिनाभरात आठ-दहा न उघडलेले रोल विकले असतील आणि प्रत्येकाच्या एका टोकाला सीसी असेल, तर ती टोकं आपोआप आलेली नाहीत. टोक निवडून लावायचं तर नाणी पाहावी लागतात. म्हणजे न पाहिलेले हा शब्द तिथेच संपला. बोली लावणाऱ्यांची ओळख झाकणारे खासगी लिलाव आणि परत घेणार नाही ही अट एकत्र दिसली, तर मी त्या लिलावात थांबू नका असंच सांगेन.

इतकं सगळं पाहूनही घ्यावासा वाटला, तर बोली अशी काढा. डॉलरच्या घासलेल्या रोलमध्ये सुमारे १५.३ ट्रॉय औंस (सोनं-चांदी तोलायचं माप) शुद्ध चांदी धरा. त्याला त्या दिवशीच्या चांदीच्या दर औंसाच्या भावाने गुणा. दिसणारी दोन टोकं त्यांच्या आहे त्या अवस्थेत सुटी किती जास्तीला विकली जातील, ते त्यात मिळवा. सीसीच्या टोकाला त्या खुणेचं सर्वांत स्वस्त साल धरा. न दिसणाऱ्या अठरा नाण्यांना चांदीपलीकडे एक पैसाही धरू नका. आलेल्या रकमेतून टपालखर्च वजा करा आणि तिथेच थांबा. शेवटच्या मिनिटाला आकडा वाढवायचा मोह होतो, म्हणून तो आधी कागदावर लिहून ठेवलेला बरा.

रोल घरी आला की लगेच फाडू नका. उघडल्यावर विक्रेता म्हणेल, आतली नाणी तुम्हीच बदलली. आधी बंद पाकिटापासून सलग व्हिडिओ सुरू करा, मधे न थांबवता. पत्त्याची चिठ्ठी, दोन्ही टोकं, मग काट्यावरचं वजन. मग अतिनील किरणांचा छोटा टॉर्च कागदावर मारा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदांत शुभ्रपणा वाढवणारी रसायनं आली, तो कागद अंधारात निळसर पांढरा चमकतो. चमकला तर कागद त्या युद्धाआधीचा असल्याचा दावा खोटा. न चमकला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण साध्या तपकिरी कागदात ही रसायनं नसतात. शेवटी जोरदार चुंबक लावा, चांदी त्याला चिकटत नाही. यात काही खटकलं, तर रोल बंदच ठेवून परतीची मागणी नोंदवा.

सगळं जुळलं आणि उघडलात, तर प्रत्येक नाणं वेगळं तोला. चांदीचा मुलामा दिलेली पूर्ण खोटी नाणीही फिरत असतात. शंका आलेल्या नाण्यासाठी पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. खऱ्या मॉर्गन डॉलरला काटा सुमारे २.६ ग्रॅम दाखवतो. त्याच वजनाचं तांबं-निकेलचं नाणं ३ ग्रॅमच्या आसपास दाखवतं. काट्याला दशांश चिन्हानंतर दोन आकडे दिसत असतील, तर हा फरक स्वच्छ कळतो.

नाणं दोऱ्याला बांधताना कडा बोटांनी धरा. आणि निकाल लागेपर्यंत ते पुसू नका, धुऊ नका, कारण चकाकवलेलं नाणं विक्रेता परत घेत नाही.