‘पवित्र’ या शब्दाबद्दल थोडंसं

(हातात कात्री)

ही कात्री बघा. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, हिने जरा कागद कापू का? लगेच हातातून काढून घेतील. कागदाने धार जाते. घरात आणखी चार कात्र्या असू देत, ही कापडाची म्हणजे कापडाचीच. पण वेगळी काढली म्हणून ती कपाटात शोभेला ठेवलेली नसते बरं का. उलट दिवसभर हीच चालते.

आज ‘पवित्र’ या शब्दाबद्दल बोलायचंय, म्हणून ही कात्री.

(कात्री टेबलावर ठेवून)

‘पवित्र’ म्हटलं की आपल्या कानाला आधी स्वच्छता ऐकू येते. साहजिक आहे, हा शब्द संस्कृतातल्या ‘पू’ धातूवरून आलाय आणि त्याचा अर्थच मुळी शुद्ध करणं. त्यामुळे ‘पवित्र व्हा’ असं वाचलं की आपण अंगावरचे डाग शोधायला लागतो. बायबलच्या जुन्या करारातला, म्हणजे पहिल्या भागातला, हिब्रू शब्द आहे ‘कादोश’. त्याचा रोख वेगळा आहे: देवासाठी राखून ठेवलेलं, त्याच्या नावाचं. शुद्धता त्यातही येते, पण मागून येते. आधी तुम्ही कुणाचे, ते ठरतं.

बायबलमध्ये सगळ्यात आधी पवित्र काय झालं, सांगा बघू? मंदिर नाही, माणूसही नाही. एक दिवस! उत्पत्ती २:३, सातवा दिवस. आता दिवस काय घासून स्वच्छ करणार? तो राखूनच ठेवावा लागतो. पुढे निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात मोशे सासऱ्याची मेंढरं चारतोय, आणि जळत्या झुडपातून देव त्याला सांगतो, पायातलं काढ, ही भूमी पवित्र आहे. मेंढरांच्या पायाखालचीच माती ती. देव तिथे होता, एवढंच.

आता मला ज्याच्यावर खरं थांबायचंय तो अध्याय. लेवीय नावाच्या पुस्तकाचा, लेवीय १९. सुरुवातीलाच देव म्हणतो, तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याने आपल्या पहिल्या पत्रात हेच वाक्य उचललंय. एवढं मोठं वाक्य आल्यावर पुढे काय येईल असं वाटतं? उपास? ध्यान? थोडं पुढे गेलं की येतं शेत. कापणी करताना कडेपर्यंत कापू नका, सांडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मग मजुरी. रोजंदारीवरच्या माणसाचे पैसे रात्रभर, सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका. नुसती रात्रभर! महिना-महिना बिलं अडकवून ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय बोलावं? शेवटी येतो तराजू. वजनं खरी, मापं खरी.

आणि मधेच एक वाक्य आहे, ते मला दरवेळी टोचतं. बहिऱ्याला शाप देऊ नका. का हो? त्याला तर ऐकूच येत नाही. त्याचं काय बिघडतं? म्हणूनच तर ते तिथे आहे. जो माणूस आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये नाही, ज्याच्यापर्यंत आपला शब्द कधी पोचणारच नाही, त्याच्याबद्दल आपण काय लिहितो? देवासाठी वेगळं असणं तिथे दिसतं, जिथे दुसरं कुणी बघणारं नसतं.

याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका, हेही आहे. ते लपवत नाही. असे नियम ख्रिस्ती लोक आज पाळत नाहीत, त्याची चर्चा मोठी आहे, आज नको. पण मजुरीचा नियम कापडाच्या नियमाबरोबर सोडून द्यायची आपल्याला जरा घाई असते, एवढं म्हणतो.

मग वेगळं व्हायचं म्हणजे लोकांपासून लांब राहायचं का? देवाने हाग्गय संदेष्ट्याला याजकांना, म्हणजे पुरोहितांना, एक प्रश्न विचारायला लावलाय. पवित्र मांस पदरात बांधलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? नाही. आणि प्रेताला शिवलेला माणूस भाकरीला शिवला तर? ती अशुद्ध होते. म्हणजे विटाळ पसरतो, पवित्रता पसरत नाही. असा हिशेब असेल तर माणूस अंग चोरूनच जगणार.

आता मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. कुष्ठरोगी समोर गुडघे टेकतो. नुसत्या शब्दाने बरं करता आलं असतं. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. आणि येशू अशुद्ध होत नाही, तो माणूस शुद्ध होतो. हिशेबच उलटा फिरला! म्हणूनच योहान १७ मध्ये तो शिष्यांसाठी प्रार्थना करतो, यांना जगातून काढून घे असं मी म्हणत नाही, वाइटापासून राख.

करिंथ शहरातल्या मंडळीला तर प्रेषित पौल पहिल्या पत्राच्या दुसऱ्याच वचनात ‘पवित्र जन’ म्हणून मोकळा होतो. याच मंडळींना सहाव्या अध्यायात तो झापतोय, की एकमेकांवर कोर्टात खटले कसले भरता! पण नाव त्याने आधी दिलं, झापलं नंतर.

आणि जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातलं एक चित्र. मुख्य याजकाच्या कपाळावर सोन्याची पाटी असायची, तिच्यावर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ असं कोरलेलं. जखऱ्या म्हणतो, एक दिवस हीच अक्षरं घोड्यांच्या घंटांवर असतील, आणि यरुशलेममधलं प्रत्येक पातेलं पवित्र असेल. पातेलं!

माझं पातेलं म्हणजे हा कॅमेरा. आणि खोटं माप म्हणजे थंबनेल. काल रात्री या व्हिडिओसाठी मी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘बायबलचं हे रहस्य तुम्हाला कुणीच सांगणार नाही’. वर माझा डोळे विस्फारलेला फोटो. लेवीय १९ चं पस्तिसावं वचन, तराजूचं, नोंदवहीत लिहिता लिहिता मी ते थंबनेल पुसलं. म्हणून आजचं नाव इतकं साधं आहे. बघणारे कमी येतील बहुतेक. तुम्ही आलात, थँक यू.