मूठ

साल काढण्याच्या या सोलाण्याकडे नीट पाहावे. पाते झिजलेले नाही, धारही चांगली आहे. परंतु त्याचा दांडा म्हणजे पत्र्याची वळवलेली एक पट्टी आहे, आणि संधिवाताने सांधे सुजलेल्या या हाताला ती धरण्यासाठी सगळा जोर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकवटावा लागतो. दुखते ते नेमके तेथेच, अंगठ्याच्या मुळाशी.

1980 च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स येथे बेट्सी फार्बर याच अडचणीत होत्या. टार्टसाठी सफरचंदे सोलताना हाती आलेले सोलाणे त्यांच्या दुखऱ्या हातांत धड बसत नव्हते. त्यांचे पती सॅम यांची हयात स्वयंपाकाची भांडी बनवण्याच्या व्यवसायात गेली होती, त्यामुळे या अडचणीतून पुढे घडलेल्या नव्या मुठीची हकीकत पतीने पत्नीसाठी केलेली सोय म्हणूनच सर्वत्र सांगितली गेली. बेट्सी स्वतः वास्तुरचनाकार होत्या आणि मूळ कल्पना आपली होती, हे त्यांनी पुढे स्पष्ट सांगितले. ज्या हाताला दुखते त्यालाच दोष नेमका कळतो, म्हणून आम्ही त्यांचे नाव आधी घेतले आहे.

सॅम यांनी न्यूयॉर्कच्या ‘स्मार्ट डिझाइन’ या वस्तूंची रचना करणाऱ्या संस्थेला सोबत घेतले. संधिवात असलेल्या स्वयंसेवकांच्या हातांत नमुने देऊन मुठीचा आकार ठरत गेला. मूठ जाड केली, कारण जाड मुठीवर बोटे पूर्ण आवळावी लागत नाहीत आणि भार चिमटीवर न राहता तळहातावर पसरतो. गोल मूठ ओल्या हातात फिरते, म्हणून ती लंबगोल झाली. सायकलच्या दुकानातील ही रबरी मूठ पाहावी: हिच्यावरील खाचांनी सुचवल्याप्रमाणे अंगठा आणि तर्जनी टेकतात तेथे पातळ, लवचिक पाकळ्या कोरल्या गेल्या, आणि त्या बोटाखाली दबून प्रत्येकाच्या पकडीशी जुळवून घेतात. यासाठी सँटोप्रीन हे मऊ, पाण्याने न बिघडणारे रबरासारखे द्रव्य निवडले. 1990 मध्ये ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ या नावाने 15 साधने बाजारात आली, आणि सांधे न दुखणाऱ्यांनीही ती घेतली.

स्वीडनमध्ये हा विचार त्याआधीच झाला होता. मारिया बेंक्टझोन आणि स्वेन-एरिक युलिन या रचनाकारांनी 1970 च्या दशकात केलेल्या पाव कापण्याच्या या सुरीची मूठ करवतीसारखी उभी आहे, त्यामुळे मनगट सरळ राहते आणि जोर कोपर व खांद्यातून येतो. सोबतची चौकट पाव धरून ठेवते आणि पात्याला वाट दाखवते.

आपल्या विळीतही पाते जागेवर राहते आणि भाजी फिरते. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात भाजीसाठी मोकळे राहतात. ही रचना उत्तम आहे, मात्र जमिनीवर बसता येणे ही तिची अट आहे, आणि गुडघे वाकत नसतील तर तिचा उपयोग तेथेच संपतो.

आता पुन्हा तेच जुने सोलाणे. दांड्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून जाडी वाढवली आहे, टोक दोऱ्याने बांधले आहे, आणि तोच हात दुधी भोपळा सोलतो आहे.